तारामाशाचा उपास

तारामासा हा ताराही नव्हे आणि मासाही नव्हे. त्याला मेंदू नाही, रक्त नाही; डोळे आहेत ते हातांच्या टोकांना. एवढी सगळी गैरसोय असूनही कोट्यवधी वर्षं त्याचं समुद्रात उत्तम चाललं होतं. मग माणसाच्या दिवाणखान्यात ५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आली, तिच्यात प्रवाळ आले, आणि "यात एक निळा तारामासा काय शोभेल, नाही?" असं घरातलं कुणीतरी म्हणालं.

विकणारा तर तयारच असतो. "साहेब, याला खायला काही घालावं लागत नाही. काच पुसतो, दगड पुसतो." अहो, पुसतो म्हणजे जेवतो! लिंकिया जातीचा हा निळा प्राणी इंडोनेशिया-फिलिपिन्सकडच्या समुद्रातून उचलून आणलेला. खडकांवर जिवाणू-शेवाळाचा जो पातळ थर धरतो, तो चाटत हिंडायचं, हा त्याचा दिनक्रम. तिकडे त्याला अख्खा समुद्र आहे. इथे तुमचे चार दगड थोड्याच दिवसांत चाटून लख्ख होतात, आणि मग महाशय स्वतःचंच अंग पचवायला घेतात. कातडीत चुन्याचा सांगाडा, त्यामुळे रोडावल्याचं दिसतही नाही. आपल्याकडे पाहुणा दोनदा "पुरे" म्हणाला तरी आपण तिसऱ्यांदा वाढतो. इथे पाहुणा महिनोन्‌महिने उपाशी, आणि यजमान आल्यागेल्याला त्याचा रंग दाखवताहेत! शेवटी एक दिवस त्याचा हात गळून पडतो. "पाणी मानवलं नाही हो," म्हणतात.

पाण्याचंही खोटं नाही म्हणा. समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. लहान टाकीतलं पाणी उडतं, मीठ राहतं, आणि कमी-जास्त खारटपणा सोसायची सोय याच्या अंगात नाही. पण खरा रोग भूक.

शेकडो लिटरची, जुनी, दगडांनी भरलेली टाकी असेल तर गोष्ट निराळी. तिथेही खात्री कुणी देऊ नये. लहान टाकीवाल्याला मात्र हा प्राणी विकूच नये आणि त्याने मागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काळ्या गाठींचा 'चॉकलेट चिप' आणाल, तर तो कोलंबीचा तुकडा आनंदाने खातो. पंगतीत पोट सुटलेले आपण खूप पाहतो. हा पोटच बाहेर काढून पदार्थावर ठेवतो! फक्त कोलंबी संपली की तेच पोट तुमच्या प्रवाळांवर.

गंमत म्हणजे लहान टाकीत सुखाने नांदणारे तारे असतात. अ‍ॅस्टेरिना त्यांचं नाव. नखाएवढे, मळकट, दगडाबरोबर फुकट येतात, एकाचे दोन होतात आणि पोटभर जेवतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दर रविवारी चिमट्याने ते वेचून मोरीत टाकतात. परवा विचारलं, तर म्हणाले, "फार माजलेत हो! हे साफ झाले की एक मोठा निळा आणावा म्हणतो."