सोयरा नसलेली भाषा

‘एस्किमो’ म्हटले की बर्फाचे घर आणि कुत्र्यांची गाडी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. पण हे नाव परक्यांनी ठेवलेले. ती मंडळी स्वतःला ‘इनुइट’, म्हणजे नुसती ‘माणसे’, म्हणवतात. ग्रीनलंडची वस्ती जेमतेम ५६ हजार. तरीही २००९ सालापासून तिथल्या इनुइटांची भाषा ही तिथली एकमेव राजभाषा आहे.

ध्रुवाकडची ही हकीकत बुलढाण्यात बसून सांगायला कारण आहे. आमच्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाल लोकांची काही गावे आहेत. त्यांची निहाली भाषा बोलणारे आता सुमारे २ हजारच आहेत.

१९०६ साली ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषासर्वेक्षणाने तिला शेजारच्या कोरकूच्या पंगतीला बसवले. १९६२ साली कायपर या डच पंडितांनी तिच्यावर पुस्तक लिहिले, त्यात ही चोरट्यांची सांकेतिक बोली तर नसेल, अशीही शंका काढली. गरिबाच्या घरी वेगळी वस्तू दिसली की ती चोरीचीच असणार, असे म्हणण्यासारखे हे!

उसनवारी पुष्कळ आहे, हे खरे. एक, दोन, तीन, चार म्हणजे बिदुम, इरार, मोथो, नालो. यांतले इरार आणि नालो कानडी-तमिळच्या ओळखीचे; पाचापासून पुढे आपल्यासारखेच आकडे. कितीतरी शब्द कोरकूचे. पण डोळ्याला ‘जिकी’ आणि पाण्याला ‘जोप्पो’! अशा रोजच्या शब्दांना भोवतालच्या भाषांत खात्रीचा सोयरा सापडत नाही. म्हणजे आर्य, द्राविड, मुंडा या तिन्ही कुळांबाहेरचे एक घर आपल्या जिल्ह्यात नांदते आहे.

जनगणनेच्या तक्त्यात १० हजारांखालच्या भाषांची नावे वेगळी छापत नाहीत. २०१४ साली मैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने के. एस. नागराज यांचे निहालीवरील पुस्तक काढले, हे उत्तम झाले. पण पुस्तकात भाषा टिकते; जगते ती मुलांच्या तोंडी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही मराठीच्या मास्तरांनी पेढे वाटले. वडीलकी आली की जबाबदारीही येते. त्या गावांतल्या पहिलीच्या वर्गात गुरुजींनी फळ्यावर ‘पाणी’ लिहावे आणि शेजारी ‘जोप्पो’ही लिहावे. मराठीचे त्यात काही उणे होणार नाही. त्या पोराला मात्र आपल्या आईची भाषा शाळेत भेटेल.