सल्ला यंत्राचा, जोखीम माणसाची

विनाअनुदानित शाळेतील शिक्षक, खासगी कारखान्यातील पर्यवेक्षक आणि संगणक कंपनीतील अभियंता यांच्या पगारांत कितीही अंतर असले, तरी एका बाबतीत ते तिघेही सारखेच आहेत. साठीनंतर जगण्यापुरती ठरलेली रक्कम दरमहा देण्याचे वचन त्यांना कोणीही दिलेले नाही. कर्मचारी पेन्शन योजनेखाली २०१४ मध्ये जे किमान निवृत्तिवेतन ठरविण्यात आले, ते दरमहा १,००० रुपये होते. तेवढ्यात महिन्याचा औषधांचा खर्चही भागणे कठीण. म्हणून पोटाला चिमटा घेऊन बाजूला टाकलेली शिल्लक कोठे ठेवावी, हा प्रश्न आज लाखो घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर मोबाइलवर तयार असते : वय सांगा, उत्पन्न सांगा, तोटा कितपत सोसेल ते सांगा, पुढचे आमचे यंत्र पाहील. या यंत्राला रोबो-सल्लागार म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे एक-दोन स्वस्त इंडेक्स फंड निवडून आपला कारभार आपणच पाहण्याचा.

हा प्रश्न सुखवस्तूंचा म्हणून डाव्या विचाराच्या माणसाने झटकून टाकणे सोपे आहे. परंतु ही शिल्लक म्हणजे भांडवलदाराचा नफा नव्हे. ती पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवलेली मजुरी आहे. तिच्यातून कोण किती वाटा उचलतो, हे पाहणे श्रमिकांच्या चळवळीचेच काम आहे.

इंडेक्स फंडामागील विचार साधा आहे. विल्यम शार्प या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये तो निव्वळ अंकगणिताने मांडला. शेअरबाजारातील सर्व गुंतवणूकदार मिळून म्हणजेच बाजार. तेव्हा चतुराईने निवड करणाऱ्या सर्वांची सरासरी मिळकत खर्चापूर्वी बाजाराइतकीच असणार, आणि खर्च वजा जाता बाजाराहून कमी. मग निवड करण्याचा खटाटोप सोडून संपूर्ण बाजारच अल्प खर्चात का घेऊ नये? जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा फंड काढला, तेव्हा त्याची हेटाळणी झाली होती. आज जगभर लोक त्याच वाटेने जात आहेत. भारतातही निफ्टीवर आधारलेले फंड दोन दशकांहून अधिक काळ उपलब्ध आहेत.

रोबो-सल्लागार हे या विचाराचेच अपत्य. 'बेटरमेंट' या अमेरिकन कंपनीने २०१० मध्ये ही सेवा सुरू केली. तेथे अशा सेवेचा रूढ दर वर्षाला शेकडा पाव डॉलर. फंडाचा स्वतःचा खर्च त्याहून निराळा. यंत्र करते काय? समभाग आणि कर्जरोखे यांचे प्रमाण ठरविते आणि बाजाराच्या चढउताराने ते बिघडले की पूर्ववत करते. अमेरिकेत ते करबचतीच्या काही खटपटीही करते. त्यात गूढ असे काही नाही. ज्या नियमाने ते चालते, तो नियम पाठ्यपुस्तकात छापलेला आहे.

शेकडा पाव हा दर किरकोळ वाटतो, पण चक्रवाढीचा हिशेब दयामाया जाणत नाही. दहा लाख रुपये २५ वर्षे दरसाल शेकडा ९ ने वाढले असे धरल्यास त्यांचे सुमारे ८६ लाख होतात, ८.७५ ने वाढले तर सुमारे ८१ लाख. पाव टक्क्याची किंमत पावणेपाच लाखांच्या पुढे जाते. आणि दलाली शेकडा एक असेल, तर हाती ६८ लाखच येतात. यंत्राला मिळणारी रक्कम निश्चित असते, बुडण्याची जोखीम मात्र सर्वस्वी माणसाची.

यंत्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्क्यांनी कोसळला. अशा दिवशी घाबरून सारे विकून टाकणारा मनुष्य जे गमावतो, त्यापुढे पाव टक्का काहीच नव्हे. यंत्र घाबरत नाही. ज्याला आपल्या मनाचा भरवसा नाही, त्याने त्याची किंमत मोजली तर तो मूर्खपणा ठरत नाही. मात्र खाते बंद करण्याचे बटण यंत्रातही असतेच. भीतीवरचा तो रामबाण उपाय नव्हे.

'विनाशुल्क' या शब्दापासून मात्र सावध राहिले पाहिजे. अमेरिकेतील श्वाब या बड्या संस्थेची यंत्रसेवा सल्ल्याचे शुल्क घेत नसे; परंतु ग्राहकांच्या पैशातला काही भाग रोख म्हणून ठेवून त्यावर संस्थेची स्वतःची बँक कमाई करीत असे. ही रोख ग्राहकाला कशी महागात पडेल हे नीट उघड केले नाही, या आरोपावरून २०२२ मध्ये तिने आरोप मान्य वा अमान्य न करता १८ कोटी ७० लाख डॉलर भरण्याचे कबूल केले. आपल्याकडे १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंडाला दलालीविना 'डायरेक्ट' योजना द्यावी लागते. फुकट म्हणविणारे यंत्र 'रेग्युलर' योजना विकत असेल, तर ते सल्लागार नव्हे, दलाल आहे. आणि त्याची दलाली दरवर्षी ग्राहकाच्याच ठेवीतून जाते.

तेव्हा निर्णय स्पष्ट आहे. ज्याला वर्षातून एक संध्याकाळ हिशेबाला देता येते, त्याने एक निफ्टी इंडेक्स फंड, तोही डायरेक्ट, आणि जोडीला पब्लिक प्रॉव्हिडंट फंड एवढ्यावर भागवावे. प्रमाण एकदा ठरवून कागदावर लिहून ठेवावे आणि नवी शिल्लक ज्या बाजूला तूट असेल तिकडे वळवावी. यंत्राचे मुख्य काम एवढेच आहे.

परंतु व्यक्तीपुरते उत्तर सापडले म्हणून समाजाचा प्रश्न सुटत नाही. नियम जर इतका साधा आणि सर्वांना ठाऊक असलेला आहे, तर तो पाळण्यासाठी प्रत्येकाने खासगी मालकाला खंडणी का द्यावी? राष्ट्रीय पेन्शन योजनेतील 'ऑटो चॉइस' हेच काम करते. वय वाढेल तसा समभागांचा हिस्सा आपोआप कमी होत जातो. २०२१ मध्ये तेथे ठरविलेले व्यवस्थापन शुल्क शेकडा ०.०३ ते ०.०९ होते. स्वीडनमध्ये चारशेहून अधिक फंडांचा बाजार मांडल्यावरही, निवड न करणाऱ्यांसाठी सरकारी फंड ठेवण्यात आला; २०१० पासून त्यातही समभागांचे प्रमाण वयानुसार ठरते. आपल्या भविष्य निर्वाह निधीतील नव्या ठेवींचा काही भाग २०१५ पासून निर्देशांकावर आधारलेल्या फंडांत जातो. त्यासाठी कोणा कामगाराला मोबाइल चाळावा लागला नाही. सामुदायिक व्यवस्था स्वस्तात आणि शहाणपणाने चालू शकते, याचा हा पुरावा आहे.

अर्थात बाजारातील स्वस्त वाटा म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागणीचा गाभा हाच होता की म्हातारपणाची जोखीम एकट्या माणसाने वाहू नये. त्यांच्यापाशी संघटना होती, म्हणून शासनाला त्यांचे ऐकावे लागले. ऊसतोड कामगार, घरकाम करणारी बाई, बांधकामावरचा मजूर यांच्यापाशी यंत्राला सांगावी अशी शिल्लकही नाही. २०१५ च्या अटल पेन्शन योजनेने असंघटितांना दरमहा १,००० ते ५,००० रुपयांचे आश्वासन दिले. त्याला महागाईची जोड नाही. वीस-तीस वर्षांनी त्या रकमेत काय विकत मिळेल, हे गणित करायला यंत्र नको. ज्याच्याजवळ शिल्लक आहे त्याने ती दलालाच्या हाती न देता सांभाळावी. ज्याच्याजवळ ती नाही त्याचे म्हातारपण ही साऱ्या समाजाची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडण्याचा सल्ला कोणतेही यंत्र देणार नाही. ती मागणी संघटित माणसांनाच करावी लागेल.