उतरायचे कुठे?

भोपाळ समुद्रापासून इतके दूर आहे की इथल्या माणसाला समुद्राची ओढ फार आणि धाक मुळीच नाही. गेली दोन-तीन वर्षे आमच्या कार्यालयात 'क्रूझ' हा शब्द चांगलाच रुळला आहे. पूर्वी मुलांच्या परीक्षा आटोपल्या की पचमढी, मांडू, उज्जैन-ओंकारेश्वर आणि एलटीसी मिळाली तर काश्मीर नाहीतर केरळ, अशी चर्चा डबे उघडता उघडता चालायची. आता मुंबईहून सुटणारी तीन रात्रींची क्रूझ! बदलीवर इथे आलेला मी एकटाच गोमंतकीय. त्यामुळे पाण्याविषयीचा कुठलाही प्रश्न माझ्याच टेबलावर येतो, जणू फोंड्याला आमच्या मागील दारी जहाजे बांधलेली असतात. (मागील दारी एक फणस आहे आणि विहीर.) प्रश्न ठरलेला असतो, "भाईसाहब, पैसा वसूल होगा क्या?"

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. चौघांचे कुटुंब क्रूझवर जाऊन परत भोपाळला येईपर्यंत आमच्यासारख्याचा दोन महिन्यांचा हातात पडणारा पगार सहज संपतो. एका सहकाऱ्याने त्यासाठी हप्त्यांचे कर्ज काढले आहे. कारकुनाच्या घरात एवढी रक्कम म्हणजे मुलीची वर्षाची फी किंवा गावच्या घराच्या छपराची दुरुस्ती. म्हणून या विषयावर मी जे समजून घेतले ते इथे मांडतो. मत माझे आहे, पटलेच पाहिजे असा आग्रह नाही.

आधी हिशेब. जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो, तोही दोघांनी एक केबिन घेतली तर, आणि बहुधा आतल्या, बिनखिडकीच्या केबिनचा. समुद्र दिसणारी खिडकी हवी तर जास्त, गॅलरी हवी तर त्याहून जास्त. त्यावर बंदराचे शुल्क, सेवकांची बक्षिसी आणि जीएसटी. जेवण तिकिटात येते. पण दारू, इंटरनेट, किनाऱ्यावरची सहल, खास उपाहारगृहातले खाणे हे सगळे वेगळे. याला मी फसवणूक म्हणणार नाही, ती या धंद्याची रीतच आहे. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन अशा जगातल्या मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल पाहिले तर उत्पन्नाचे दोन वेगळे रकाने दिसतात. एक तिकिटांचा, दुसरा जहाजावर होणाऱ्या खर्चाचा. आणि ढोबळ मानाने उत्पन्नाचा तिसरा हिस्सा या दुसऱ्या रकान्यातून येतो. तेव्हा तिकीट काढले म्हणजे खर्च संपला असे नव्हे. शिवाय भोपाळकराला मुंबईपर्यंतचे रेल्वेभाडे आहे, आणि जहाज चुकू नये म्हणून आदल्या दिवशी पोचायचे तर मुंबईतली एक रात्र आहे. एलटीसीचा इथे फारसा उपयोग नाही. सरकार प्रवासभाडे देते, राहण्या-खाण्याचे देत नाही. आणि क्रूझ म्हणजे मुख्यतः राहणे-खाणेच!

हा सगळा हिशेब मी कागदावर मांडून बायकोला दाखवला. तिने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, "अहो, तीन दिवस कुणी मला 'आज जेवायला काय?' असे विचारणार नाही, त्याचे किती होतात तेही लिहा की."

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या मध्यमवर्गीय सहलींचा इतिहास पाहा. चिवडा-लाडवांचे डबे भरायचे कुणी, धर्मशाळेत स्टोव्हवर खिचडी टाकायची कुणी, परतल्यावर धुण्याचा ढीग उपसायचा कुणी? घरातले चौघे हवापालटाला जातात, त्यातल्या तिघांनाच सुट्टी असते. क्रूझवर निदान चौथ्या माणसालाही सुट्टी मिळते. तसेच गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांचे. रोज सामान बांधा, बसमध्ये चढा, उतरा, यापेक्षा एकाच खोलीत राहून लिफ्टने हिंडणे त्यांना सोसते. ज्या घरात असे कुणी आहे आणि पैसे गाठीशी आहेत, त्यांनी क्रूझवर जावे. त्यांचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

पण चुलीशी कुणीतरी असतेच. जहाजावर ते कोण असतात हे गोमंतकीयाला सांगावे लागत नाही. आमच्याकडे 'तारवटी' म्हणजे बोटीवर काम करणारा माणूस, आणि गोव्यात कितीतरी घरे तारवट्यांच्या पगारावर उभी राहिली. परदेशी क्रूझवर स्वयंपाकघरात, केबिनी साफ करायला, टेबलावर वाढायला आमच्या गावचे मुलगे असतात. सलग सहा, आठ, नऊ महिन्यांचे करार, आणि त्यात रविवार नाही. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी आपापल्या घरी गेले आणि हे मुलगे आठवडेच्या आठवडे जहाजांवर अडकून पडले, तेव्हा गोव्यात त्यांच्या घरच्यांनी केलेली धावाधाव आम्ही पाहिली आहे. म्हणून बिलातली ती 'बक्षिसी' मला तरी जाचक वाटत नाही. कुणी विचारले तर मी सांगतो, बाकी कुठेही काटकसर करा, तिथे नको.

क्रूझचा विषय मी आईला फोनवर सांगितला. ती गावी असते. मुंबईहून निघायचे, गोव्याला जायचे, आणि परत मुंबईलाच यायचे, असे समजावल्यावर तिने एकच विचारले, "आनी देंवतले खंय?" आणि उतरणार कुठे?

आईच्या पिढीला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. तिने मुंबई-गोवा बोटीने प्रवास केला तो गिरगावात नोकरीला असलेल्या भावाला भेटायला. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही त्या बोटींची नावे वाचकांपैकी अनेकांना आठवत असतील. सकाळी भाऊच्या धक्क्याहून निघायचे आणि दुसऱ्या दिवशी पणजीला उतरायचे. डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची. अर्ध्या लोकांना बोट लागायची, उरलेले अर्धे त्यांना लिंबू द्यायचे. वाटेतल्या कित्येक बंदरांवर बोट धक्क्याला लागत नसे; पडाव यायचे, आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कडेवरची पोरे सगळी खाली उतरायची. यात चैन कसली नव्हती, पण त्या बोटीवर चाकरमानी होता, बाळंतपणाला माहेरी निघालेली मुलगी होती, गणपतीला गावी जाणारे अख्खे बिऱ्हाड होते. प्रत्येकाचे उतरण्याचे ठिकाण ठरलेले होते आणि तिथे कुणीतरी वाट बघत होते.

आम्हां गोंयकारांना बोट ही गरजेपोटीच माहीत. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्यानंतर कित्येक वर्षे पणजी-बेती फेरीबोटीने लोकांना नदी पार करवली. साध्या फेरीबोटीत पायी माणसाला आजही भाडे पडत नाही. दहा मिनिटांत पलीकडचा काठ येतो, आणि काठ आला की माणूस उतरून आपल्या कामाला लागतो.

आताची क्रूझ ही वेगळी वस्तू आहे. २०२१ साली मुंबईहून सुरू झालेले कॉर्डेलियाचे 'एम्प्रेस' हे जहाज १९९० मध्ये रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात दाखल झालेले. त्यावर पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, कॅसिनो, चढायला भिंत. म्हणजे जहाज हेच पर्यटनस्थळ, आणि गोवा हा मधला थांबा. मुरगाव बंदरात काही तासांसाठी उतरायचे, बसने एक चर्च, एक देऊळ आणि एक किनारा बघायचा, संध्याकाळच्या आत परत चढायचे. भोपाळहून एवढ्या लांब येऊन माझ्या सहकाऱ्याच्या मुलांना गोव्यातला एकही माणूस भेटत नाही, वाढप्याशिवाय. आणि तोही कामात असतो.

मधल्या काळात एक वेगळा प्रयत्न झाला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' ही बोट मुंबई-गोवा मार्गावर आली. आजची दुपार ते उद्याची सकाळ, एका रात्रीचा प्रवास. तिच्यावरही तलाव होता, खानपान होते. पण ती तुम्हांला गोव्यात सोडून जात होती. पुढे काय बघायचे, कुणाकडे जायचे, ते तुमचे तुम्ही ठरवायचे. २०२० च्या महासाथीनंतर ती फेरी उरली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले, २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. तेव्हा मोठी जहाजे वाढत जाणार हे उघड आहे. त्यांतले एखादे तरी माणसांना एका बंदरात घेऊन दुसऱ्या बंदरात उतरवणारे, परवडणाऱ्या भाड्याचे असावे, एवढीच माझी अपेक्षा.

आता भोपाळचे सांगतो, कारण क्रूझची चव या शहराने आधीच घेतली आहे. इथल्या बड्या तलावाचा अभिमान इतका की भोपाळकरांच्या म्हणीप्रमाणे ताल तो एकच, बाकी सगळी डबकी! राजा भोजाने अकराव्या शतकात बांधलेला, साधारण ३१ चौरस किलोमीटरचा हा तलाव. त्यावर मध्य प्रदेश पर्यटनाची क्रूझ बोट चालायची. रविवारी बोट क्लबवर रांग लागे. आम्हीही गेलो होतो. तिकीट एका कुटुंबाला झेपेल असे, फेरी तासाभराच्या आतली. वाटेत तकिया टापूवरची मजार दिसायची, मागे श्यामला हिल्स, आणि जुन्या शहराचे मिनार पाण्याच्या बाजूने पाहिले की रोज बसमधून दिसणारे शहर हेच का, असे वाटायचे. खालच्या मजल्यावर वाढदिवस चालू असे आणि डीजेचा आवाज काठापर्यंत येई, तेही खरे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ही क्रूझ आणि इंजिनाच्या बोटी थांबवण्याचा आदेश दिला. कारण साधे होते. हा तलाव २००२ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भोपाळचा मोठा भाग त्याचे पाणी पितो. ज्या पाण्यावर डिझेलची बोट फिरवायची तेच संध्याकाळी नळाला यायचे! मुलांचा हिरमोड झाला, बोट क्लबवरच्या चणे-भुट्टेवाल्यांच्या धंद्यालाही झळ बसली असणार. तरी मला तो आदेश योग्यच वाटतो. डिसेंबर २०२५ मध्ये तलावावर काश्मीरसारखे २० शिकारे आले आहेत. शिकाऱ्यात ना जेवण ना नाच. पाणी असते, आणि समोर एकमेकांशी बोलायला घरची माणसे असतात.

तर माझे मत असे. कर्ज काढून क्रूझवर जाऊ नये. तीन रात्री संपतात आणि हप्ता दोन वर्षे चालतो. गाठीशी पैसे असतील आणि घरात थकलेले कुणी असेल तर जावे, पण 'गोवा पाहिला' असे मात्र म्हणू नये. आणि बायकोने मांडलेला जो खर्च आहे, तो भागवायला जहाजच लागते असे नाही. यंदा मे महिन्यात आम्ही मूळ गावाची एलटीसी घेऊन गोवा एक्स्प्रेसने निघणार आहोत. भुसावळला मराठी कानावर पडायला लागते, पुढे मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करत गाडी एक अख्खा दिवस आणि वर जवळजवळ एक रात्र घेते. गावी दहा दिवस. त्यांतले पाच दिवस दुपारचे जेवण मी आणि मुले करणार, उरलेले पाच दिवस खाणावळीतून थाळ्या येणार. हे कागदावर लिहून बायकोची सही घेतली आहे. आईला ही योजना अर्धीच पसंत आहे, तिचा माझ्या स्वयंपाकावर विश्वास नाही.

ज्या सहकाऱ्याने पैसे भरून टाकले आहेत, त्याला मी हे सगळे सांगत बसलो नाही. भरलेल्या पैशांवर प्रवचन कशाला? त्याला एवढेच सांगितले की आल्याचे तुकडे खिशात ठेव, बोट लागली तर उपयोगी पडतात. आणि रात्री एकदा तरी कॅसिनो, नाचगाणे सोडून मुलांना घेऊन वरच्या डेकवर जा. जाताना डाव्या बाजूला लांबवर दिवे दिसले तर त्यांना सांग की ही रत्नागिरी असेल, किंवा मालवण, वेंगुर्ले. मुंबईची बोट पूर्वी तिथे थांबत असे.