घरातली घरघर

रात्री दिवे मालवले की काही घरांत एक जड घरघर जाणवू लागते. कन्नडमधला 'गुंय्' तिला नेमका बसतो. पंचाईत अशी, की ती एकालाच ऐकू येते. बाकीचे म्हणतात, "तुला भास होतोय." झोपेपेक्षा हे बोलणं जास्त जिव्हारी लागतं.

२०२२च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून आवाज आले, तेव्हा अख्ख्या गावाने ऐकले, म्हणून तपास झाला. एकट्याचं कोण ऐकणार?

कॅनडातल्या विंडसरचे लोक मात्र २०११पासून हटून बसले. २०१४च्या सरकारी अभ्यासाने नदीपलीकडच्या, अमेरिकेतल्या झग बेटावरच्या पोलादभट्ट्यांकडे बोट दाखवलं. आवाज सीमेपलीकडचा, मग दाद कुठे मागायची? आपल्याला हे दुखणं वेगळं सांगायला नको! २०२०मध्ये भट्ट्या थंडावल्या, घरघर थांबली.

तेव्हा आधी रात्री मेन स्विच बंद करून पाहा. थांबली, तर फ्रिज किंवा मोटर. नाही थांबली, तर शेजारचा पंप, गिरणी, टॉवरचा जनरेटर. असा आवाज भिंतीतूनही येतो. खिडकी लावून भागत नाही. वेळा वहीत टिपा. परगावीही तोच आवाज आला, तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. सोबत घरातलं कुणीतरी असू द्या.