घरगुती वेल्डिंग यंत्राची निवड

फाटकाची बिजागरी अथवा हातगाडीचा दांडा वर्षातून दोनदा सांधावयाचा. त्यासाठी ४०० अँपिअरचे यंत्र घेणे म्हणजे पायलीभर ज्वारीसाठी वखार बांधणे होय. घरच्या २३० व्होल्ट विजेवर चालणारे लहानसे इन्व्हर्टर यंत्र आम्हांस पुरेसे वाटते. २.५ मिलिमीटरच्या रॉडला सुमारे ७० ते ९० अँपिअर पुरतात. विक्रेता कमाल आकडाच पुढे करतो; दहा मिनिटांपैकी किती मिनिटे तेवढा प्रवाह सलग मिळेल, हे ग्राहकाने विचारावे. काटकसर यंत्रात करावी, डोळ्यांपुढील काळ्या काचेत नव्हे. आणि धान्याच्या वखारीत वेल्डिंग मुळीच नको. बारदानात शिरलेली ठिणगी तासन्‌तास धुमसते आणि आपण कुलूप लावून घरी गेल्यावर पेट घेते.