विश्लेषण : व्हिडीओ कन्व्हर्टर कोणता घ्यावा? पैसे मोजण्याआधी आणि फाइल अपलोड करण्याआधी हे वाचा

वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे 1990 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज त्याच परिसरात दंत, आयुर्वेद आणि नर्सिंगचे शिक्षणही चालते. तास रेकॉर्ड करणारे प्राध्यापक, अभ्यासाच्या टिप्स देणारे विद्यार्थी आणि कपाशी-सोयाबीनवर चॅनल चालवणारे आसपासच्या गावांतले तरुण या सगळ्यांना एक प्रश्न हमखास पडतो : फोनवरचा व्हिडीओ कॉम्प्युटरवर उघडत नाही, फाइल फार मोठी आहे, आता कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे? गूगलवर शोधले की ‘नंबर वन कन्व्हर्टर’ म्हणवणारी डझनभर नावे समोर येतात. त्यातले बहुतेक पैसे मागतात, काही फाइलच मागतात. दुसरा प्रकार जास्त महागात पडू शकतो.

मुळात कन्व्हर्ट म्हणजे काय होते?

एमपी-4, एमकेव्ही, एमओव्ही ही डब्यांची नावे आहेत. डब्यात चित्र आणि आवाज ठेवलेला असतो. तो ज्या पद्धतीने दाबून बसवलेला असतो, त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. वर्धा जिल्ह्याला हे समजावून सांगायला नको. मोकळा कापूस ट्रकभर होतो, प्रेसिंगमध्ये त्याच्याच गाठी बांधल्या की थोडक्या जागेत मावतो. फरक एकच : गाठ सोडली की रुई परत मिळते, व्हिडीओ दाबताना मात्र काही तपशील कायमचा जातो. एकच फाइल तीनदा कन्व्हर्ट करणे म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढण्यासारखे आहे.

सध्या तीन कोडेकची नावे जास्त कानावर पडतात. 2003 मधला एच.264 जवळपास प्रत्येक फोन, टीव्ही आणि कॉम्प्युटरवर चालतो. 2013 मधला एच.265, म्हणजेच एचईव्हीसी, त्याच दर्जाला कमी जागा घेतो. पण जुन्या कॉम्प्युटरवर अडतो. 2018 मध्ये आलेला एव्ही-1 आणखी कमी जागेत बसतो, मात्र जुन्या मशीनवर तो तयार व्हायला फार वेळ लागतो. 2017 पासूनचे बरेच आयफोन मूळ सेटिंगमध्ये एचईव्हीसीमध्येच रेकॉर्ड करतात. कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, त्यामागचे नेहमीचे कारण हेच.

कन्व्हर्टरची गरज कोणाला नाही?

बहुतेकांना नाही. यूट्यूब प्रत्येक व्हिडीओ स्वतःच पुन्हा एन्कोड करते. त्यामुळे अपलोडसाठी आधी फाइल पिळून काढली तर दर्जा दोनदा घसरतो. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की रेकॉर्डिंग एच.264 मध्ये होते. व्हॉट्सॲपवर व्हिडीओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर 2 जीबीपर्यंतची फाइल मूळ दर्जासह जाते. ओबीएसने स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्यांची एमकेव्ही फाइल त्याच सॉफ्टवेअरच्या फाइल मेनूतल्या ‘रीमक्स’ पर्यायाने एमपी-4 होते. त्यात फक्त डबा बदलतो, माल तसाच राहतो. काम अगदी थोड्या वेळात होते आणि दर्जा घटत नाही.

मग गरज कधी असते?

इंटरनेट मंद असते तेव्हा. आयफोनवर 4-के, 30 फ्रेमचा एच.264 व्हिडीओ मिनिटाला साधारण 350 एमबी घेतो. दहा मिनिटांचे झाले साडेतीन जीबी. 4 एमबीपीएस अपलोडवर याला जवळपास दोन तास लागतील. यूट्यूब 1080-पी, 30 फ्रेमसाठी 8 एमबीपीएस बिटरेट सुचवते. त्या हिशोबाने दहा मिनिटांची फाइल 600 एमबीची होते आणि वीस मिनिटांत चढते. व्हिडीओ प्रामुख्याने फोनवरच पाहिला जाणार असेल, तर हा व्यवहार फायद्याचा आहे.

दुसरे कारण आवाजाचे. फोन प्रकाशानुसार फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतो. अशी फाइल एडिटिंगला घेतली की ओठ आणि आवाज यांचा मेळ हळूहळू सुटतो. एडिटिंगआधी ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून कन्व्हर्ट केले की अडचण सुटते.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

आमचे मत स्पष्ट आहे. सुरुवात मोफत आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअरने करा.

हँडब्रेक : नवशिक्यांसाठी सर्वात सोयीचे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. ‘फास्ट 1080-पी 30’ हा तयार पर्याय निवडून सुरुवात करा. त्यात दर्जासाठी ‘आरएफ’ नावाचा आकडा असतो. 1080-पीला 20 ते 24 पुरेसा. आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. त्याची अधिकृत मोबाइल आवृत्ती नाही, त्यामुळे त्या नावाचे ॲप दिसले तर दूर राहा.

एफएफएमपेग : 2000 मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प अनेक कन्व्हर्टरच्या पोटात इंजिन म्हणून बसलेला आहे. यात बटणे नाहीत, कमांड टाइप करावी लागते. पण शंभर फाइली एका दमात बदलायच्या असतील तर याला तोड नाही.

व्हीएलसी : ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी एखाद-दुसऱ्या फाइलसाठी कॉम्प्युटरवर यातलाच ‘कन्व्हर्ट’ पर्याय वापरावा.

पैसे देण्यात गैर काही नाही. मात्र त्याआधी तीन गोष्टी पाहा : मोफत चाचणीत वॉटरमार्क येतो का, शुल्क एकदाच आहे की दरवर्षी, आणि तुमच्याच पाच मिनिटांच्या फाइलवर निकाल हँडब्रेकपेक्षा खरोखर चांगला येतो का. ‘फाइल दहापट लहान, दर्जा जसाच्या तसा’ असा दावा दिसला तर पाकीट खिशातच राहू द्या.

‘ऑनलाइन कन्व्हर्ट करा’ म्हणणाऱ्या साइट्सचे काय?

सावंगीसारख्या ठिकाणी हा प्रश्न सॉफ्टवेअरपुरता राहत नाही. इथल्या व्हिडीओत अनेकदा रुग्णालय असते. प्रशिक्षणासाठी टिपलेली एखादी प्रक्रिया, केसपेपर, पलंगाजवळचे नाव, रुग्णाचा चेहरा. अशी फाइल अनोळखी साइटवर चढवली की ती कोणाच्या सर्व्हरवर, किती दिवस राहील हे तुमच्या हातात उरत नाही. रुग्णाने शिकवण्यासाठी संमती दिलेली असते, कोणा तिसऱ्याच्या सर्व्हरसाठी नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात 2023 मध्येच मंजूर झाला. पण फाइल एकदा बाहेर गेली की कायदा ती परत आणून देऊ शकत नाही.

धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च 2025 मध्ये इशारा दिला होता की, मोफत कन्व्हर्टरच्या नावाखाली मालवेअर पसरवले जात आहे. चांगले सॉफ्टवेअरही याला अपवाद नाही. मे 2017 मध्ये हँडब्रेकच्या एका डाउनलोड सर्व्हरवर हल्लेखोरांनी मॅकची बनावट फाइल काही दिवस ठेवली होती. म्हणून अधिकृत साइटवरूनच डाउनलोड करा आणि तिथे दिलेल्या चेकसमशी फाइल पडताळा. व्हीएलसीची अधिकृत साइट 2022 मध्ये भारतात बंद होती, ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. अशा वेळी ‘दुसरी लिंक’ शोधण्याचा मोह आवरायला हवा.

काय लक्षात ठेवायचे?

• मूळ फाइल कधीही पुसू नका. प्रत्येक वेळी मूळ फाइलवरूनच कन्व्हर्ट करा.
• एमपी-4 डबा, एच.264 चित्र, एएसी आवाज. शंका असेल तेव्हा हेच त्रिकूट.
• पूर्ण व्हिडीओआधी एका मिनिटाचा तुकडा करून फोनवर पाहा.
• कॅमेऱ्यातील लोकेशनची नोंद बंद ठेवा. ती व्हिडीओसोबत जाऊ शकते.
• रुग्ण, विद्यार्थी किंवा लहान मूल दिसत असेल, तर ऑनलाइन कन्व्हर्टर वर्ज्य.

जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकून भागणार नाही. जिथे रुग्ण आणि कॅमेरा एकत्र येतात, अशा प्रत्येक संस्थेने लॅबच्या कॉम्प्युटरवर एक मोफत, ऑफलाइन कन्व्हर्टर टाकून द्यावा आणि रुग्णाचा व्हिडीओ कुठे ठेवायचा, याचा एक पानी नियम भिंतीवर लावावा. खर्च शून्य आहे. हाताशी सुरक्षित साधन असेल, तर रात्री अकरा वाजता घाईत असलेला इंटर्न अनोळखी साइट उघडायला जाणार नाही.