एका कार्डाचे मॅन-अवर्स

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी नेहमीचा प्रश्न आला, "वीकेंडला काय केलंस?" मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, संक्रांतीचं भेटकार्ड बनवलं.

"किती?"

"एक."

"वेळ किती गेला?"

"साडेतीन तास."

समोरचा आमच्याच टीममधला. दर दोन आठवड्यांनी एस्टिमेटं देऊन देऊन तयार झालेला. त्याने तिथल्या तिथे हिशोब मांडला. माझा पगार भागिले महिन्याचे तास, गुणिले साडेतीन, अधिक कागद, अधिक डिंक. "एवढ्यात ऑनलाइन ढीगभर कार्डं आली असती," तो म्हणाला, "आणि ती पण सरळ कापलेली!"

हिशोब बरोबर होता. कार्ड वाकडं कापलं गेलं होतं हेही खरं. तरी मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते तिथे उभ्या उभ्या सांगताही आलं नाही. म्हणून हे सगळं लिहितोय.

छापील भेटकार्ड मुळात आलं कशासाठी, ते बघा. लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक फार उद्योगी गृहस्थ होते. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर कुठेही पत्र जायला लागलं, ती व्यवस्था उभी करण्यात त्यांचाही हात होता. पत्रं स्वस्त झाली तशी ती भरमसाट यायला लागली आणि नाताळात सगळ्यांना उत्तरं लिहिणार कधी, असा प्रश्न खुद्द कोलसाहेबांनाच पडला. मग १८४३ साली त्यांनी जॉन कॉलकट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. खाली शुभेच्छा छापलेल्या, आणि कोणाला व कोणाकडून हे लिहायला कोरी जागा. सुमारे हजार प्रती काढल्या, स्वतःच्या पुरवून उरलेल्या एक शिलिंगाला एक अशा विकल्या. पहिलं छापील नाताळ कार्ड म्हणतात ते हेच.

म्हणजे काय, तर मेल मर्ज! टेम्प्लेट तेच, नाव फक्त बदलायचं. वेळ नाही, ही अडचण सोडवायलाच छापील कार्ड जन्माला आलं. पुढे गल्लोगल्ली ग्रीटिंगची दुकानं आली, मग ई-कार्डं आली, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी सहाला येणारा सूर्य आणि पतंग. वंश एकच.

मी नावं ठेवत नाहीये हं. माझ्या यादीतही तीनशे माणसं आहेत आणि त्यांना मीही तोच पतंग पाठवतो. पण या सोयीत एक गोष्ट गळून पडली. ती कोणती, ते मला आजीमुळे माहीत आहे.

आमच्याकडे साताऱ्याला संक्रांतीच्या कार्डांचा कारखाना आजी चालवायची. लग्नसराईत आलेली एकही पत्रिका ती टाकू द्यायची नाही. वरचा गणपती कापून वेगळा ठेवायचा, जाड कोऱ्या भागाची कार्डं, सोनेरी काठ उरले तर त्याची आहेराची पाकिटं. चिकटवायला घरची खळ. कार्डाच्या कोपऱ्यात काटेरी हलव्याच्या पाच-सहा दाण्यांची इवलीशी पिशवी टाचलेली. कामगार दोन: मी आणि दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो कापायचा, मी चिकटवायचो. लिहिणं मात्र आजीचं. आणि आम्ही कापत-चिकटवत असताना ती ज्याचं कार्ड त्याच्याविषयी बोलत राहायची. हिच्या सुनेचं बाळंतपण झालं, विचारायला हवं. त्यांची बदली झाली, नव्या गावात करमत नसेल. कार्ड वाळेपर्यंत त्यावर काय लिहायचं ते ठरलेलं असायचं. दोनच ओळी, पण त्या दुसऱ्या कोणाला चालल्या नसत्या.

गळून पडलं ते हे. कार्ड बनवायला लागणारा वेळ हा खरा त्या माणसाचा विचार करायला मिळालेला वेळ असतो. हात कामात असतात, स्क्रीन समोर नसतो, आणि डोक्यात तो एकच माणूस. आपण तो वेळ वाचवला, आणि त्याबरोबर विचार करणंही वाचवलं.

आता माझ्या साडेतीन तासांबद्दल. ते कार्ड दादासाठी होतं. तीन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. आजी गेल्यावर तिचं घर विकायचं की ठेवायचं यावरून बिनसलं. तपशील सांगत बसत नाही, घरोघरी हेच असतं. दोघंही आपापल्या जागी थोडे बरोबर होतो. पण एकदा फोनवर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. त्यानंतर कितीतरी वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज लिहिला आणि पुसला. आपण टाइप करतोय हे त्याला दिसत असेल का, याचीच धास्ती.

संक्रांत होऊन गेली होती, पण रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो. शनिवारी दुपारी बसलो.

पहिला तास नुसत्या चुकांत गेला. जाड कागद घेतला, एफोरचा अर्धा, आणि घडी घातली तर काठावर तडे! कागद यंत्रावर बनतो तेव्हा त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेने बसतात. उभा-आडवा हलकेच वाकवून बघायचं, ज्या बाजूने सहज वाकतो त्याच बाजूने घडी घालायची. त्याआधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढायची. मग घडी कशी सुरेख बसते. हा सगळा तास मी मनात दादाशी भांडत होतो, आणि अर्थात जिंकत होतो.

दुसऱ्या तासाला पॉप-अप. मला कार्ड उघडलं की पतंग पुढे यायला हवा होता. युक्ती सोपी आहे. घडीवर दोन समांतर, सारख्या लांबीच्या चिरा द्यायच्या आणि मधली पट्टी आतल्या बाजूला ढकलायची. कार्ड उघडलं की ती पायरीसारखी पुढे येते, तिच्यावर पतंग चिकटवायचा. अट एकच: चीर पानाच्या निम्म्या रुंदीपेक्षा लहान हवी, नाहीतर कार्ड मिटल्यावर पट्टी बाहेर डोकावते. माझं पान साडेदहा सेंटिमीटरचं आणि चिरा मारल्या सहाच्या. इंजिनियर ना आम्ही! दुसरं कार्ड घेतलं. एव्हाना भांडण थांबलं होतं. आठवत होता तो आजीच्या कात्रीने बोट कापलेला दादा. रक्त कार्डाला लागू नये म्हणून तो हात वर धरून बसला होता.

पतंगासाठी एका जुन्या पत्रिकेचा लाल कागद कापला, शेपटीला दोरा. तिसरा तास संपता संपता लिहायला घेतलं. इतके दिवस लिहून पुसलेले मेसेज लांबलचक होते, त्यात माझी बाजू होती, तारखा होत्या, 'पण' होता. आता उरलं ते एवढंच: "दादा, त्या दिवशी फोनवर मी बोललो ते चुकलं. तिळगूळ घे." 'गोड बोल' मुद्दामच लिहिलं नाही. ते काम माझं होतं.

आता यावर कोणी म्हणेल, मग क्राफ्टचं किट आणू की, छान छान मिळतात. आणा. पण त्यात सगळं आधीच कापलेलं, कुठे काय चिकटवायचं तेही छापलेलं. पंधरा मिनिटांत काम फत्ते, फोटो काढायला मोकळे. नुसतं 'हँडमेड' असण्यात काही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत वूस्टर गावी एस्थर हाउलँड ही तरुणी व्हॅलेंटाइन कार्डांचा धंदा करायची. तीही हातानेच बनायची, पण ओळीने बसलेल्या मुलींकडून. एकीने लेस लावायची, दुसरीने फूल, आणि कार्ड पुढे सरकवायचं. कार्डं देखणी आणि धंदाही जोरात. पण ते कार्ड कोणाला जाणार आहे हे त्या मुलींना कुठे माहीत असणार?

तेव्हा माझं मत एवढंच. हातकागद आवडत असेल तर जरूर घ्या. आपल्या पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालची हातकागद संस्था आहे, सुती चिंध्यांपासून कागद बनवण्यासाठी प्रसिद्ध. नाहीतर अप्पा बळवंत चौक आहेच. पण खरं तर घरातली एक जुनी पत्रिका, कात्री, पट्टी आणि संपलेलं बॉलपेन पुरतं. सगळ्यांसाठी करू नका, वर्षात एक-दोनच करा. हे स्केल होत नाही, होऊही नये. आणि ज्याला मेसेज लिहून तुम्ही पुसताय, त्याच्यापासून सुरुवात करा.

कार्ड पोस्टात टाकलं. आठवडा गेला, दुसरा गेला. रथसप्तमीही होऊन गेली. मला वाटलं, संपलं. मग एका रात्री साडेनऊला फोन वाजला.

"अरे, तुझ्या त्या पतंगाची शेपटी सुटलीय. पोरगं सारखं उघडझाक करतं. फेविकॉल लावू का?"

"फेविकॉल नको दादा, त्याने कागद सुरकुततो. डिंकाची कांडी मिळते ना, ती लाव."

"बरं."

मग अजून चार मिनिटं बोललो. घराचा विषय त्यानेही काढला नाही आणि मीही नाही. तो प्रश्न अजून आहे तिथेच आहे, कार्डाने असले प्रश्न सुटत नसतात. पण आता तो निघाला तर आम्ही फोन उचलू एवढं नक्की.

असो. ऑफिसातल्या मित्राचा हिशोब मी परत तपासला. साडेतीन तास त्याने बरोबर धरले होते. आधीची तीन वर्षं मात्र त्याने धरली नव्हती.